छप्पर आणि जोते

फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्याला लागून कायो कोस्टा नावाचे एक चिंचोळे बेट आहे. १३ ऑगस्ट २००४ रोजी ‘चार्ली’ हे हरिकेन या बेटावरून आत शिरले, तेव्हा त्याचा वारा ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने वाहत होता. २८ सप्टेंबर २०२२ रोजी ‘इयन’ आले. बेट तेच, वाऱ्याचा वेग तोच, त्यावरून ठरणारी श्रेणीही तीच, पाचांपैकी चौथी. चार्लीने पुंटा गोर्डा शहरातली छपरे सोलून काढली, हलक्या बांधणीची फिरती घरे चुरगाळून टाकली. समुद्र मात्र दोनेक मीटर चढला आणि ओसरला. इयनच्या वेळी तिथून जवळच असलेल्या फोर्ट मायर्स बीचवर समुद्र तीन ते साडेचार मीटर उंचीने चढून आला. जुन्या, बसक्या घरांच्या ओळीच्या ओळी नाहीशा झाल्या आणि जागेवर नुसत्या फरशा राहिल्या. इयनच्या उधाणाने ४१ बळी घेतले.

दोन्ही वादळांची ओळख जगाला एकाच आकड्याने झाली होती, आणि तो आकडा वाऱ्याचा होता. चार्लीचा घेर लहान होता आणि ते झपाट्याने पुढे निघून गेले. इयन पसरट आणि संथ होते. त्याने कितीतरी मोठ्या टापूतले पाणी कितीतरी अधिक वेळ किनाऱ्याकडे रेटले, आणि तिथला समुद्र दूरवर उथळ असल्याने त्या पाण्याला खालून परत जायला वाव नव्हता. चार्ली झेललेल्या घरात ‘हे घर चौथ्या श्रेणीला पुरून उरले’ असा विश्वास धरून बसणाऱ्याला इयनची खरी ओळख कोणत्याही श्रेणीतून होणार नव्हती.

प्रस्तुत पुस्तकाचा विषय हाच आहे. चक्रीवादळ घरावर दोन वाटांनी चालून येते. वारा वरून, छपरापासून सुरुवात करतो. पाणी खालून, जोत्यापासून. दोघांची ताकद वेगळी, पोहोच वेगळी, आणि त्यांना अडवण्याचे उपाय तर कधीकधी एकमेकांच्या विरुद्ध जाणारे. तरीही वर्तमानपत्रांत, विम्याच्या कागदांत आणि घर बांधणाऱ्याच्या डोक्यात ती दोन्ही ‘वादळ’ या एकाच नावाखाली नांदतात. त्यांना वेगळे करून पाहिल्याशिवाय घर वाचवता येत नाही, अशी या पुस्तकाची भूमिका आहे.

वाऱ्याचा हिशेब तुलनेने सोपा आहे. त्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये हेच सूत्र आहे, आणि त्यानुसार ताशी २०० किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला सुमारे १९० किलो वजनाइतका दाब देतो. पण वारा घर ढकलून पाडतो ही समजूत अपुरी आहे. उतरत्या छपरावरून वेगाने जाणारी हवा छपराला वर ओढते. वळचण, आढे आणि कोपरे इथे ही ओढ सर्वांत तीव्र असते. त्यात वाऱ्याच्या बाजूची एखादी खिडकी फुटली किंवा दार उघडले, तर आत शिरलेली हवा छपराला खालून रेटू लागते. वरून ओढ आणि खालून रेटा, यांत छप्पर छत्रीसारखे उलटते. छप्पर गेले की भिंतींना वरचा आधार उरत नाही, आणि पुढचे काम पाऊस करतो. पक्क्या घराच्या भिंती वाऱ्यात बहुधा टिकतात, पण आतले सगळे भिजून मातीमोल होते.

पाण्याचे गणित ऐकणाऱ्याला चटकन पटत नाही, म्हणून ते आकड्यांतच मांडलेले बरे. समुद्राचे पाणी हवेपेक्षा साडेआठशे पटींच्या आसपास जड आहे. सेकंदाला दोन मीटर, म्हणजे माणूस रमतगमत धावेल इतक्याच वेगाने वाहणारे पाणी भिंतीवर जो दाब देते, तो देण्यासाठी वाऱ्याला ताशी २१० किलोमीटर वेगाने वाहावे लागेल. हा झाला निव्वळ प्रवाह. त्यावर लाटा असतात, आणि लाटा एकाच जागी पुन्हा पुन्हा आदळतात. पाण्यासोबत ओंडके, होड्या, मोटारी आणि शेजारच्या घराचे तुकडे असतात. पायाखालची वाळू खरवडली जाते. लाकडी घर पायाशी नीट जखडलेले नसेल तर ते चक्क तरंगू लागते. यातून वाचलेल्या घरातही मीठ उरते: विजेच्या तारांत, काँक्रीटमधल्या सळयांत, विहिरीत.

उधाणाचा मुख्य कर्ता वारा असतो, हेही इथे सांगायला हवे. वादळाच्या पोटातला हवेचा दाब कमी असल्याने समुद्र थोडा फुगतो, पण एक हेक्टोपास्कलमागे साधारण एक सेंटिमीटर एवढाच. चार-पाच मीटरचे उधाण त्यातून येत नाही. ते येते वाऱ्याने रेटलेल्या पाण्यातून, उथळ समुद्रतळातून, आखातासारख्या किनाऱ्यातून आणि भरतीच्या वेळेतून. त्यामुळे एकाच ताकदीचे वादळ एका किनाऱ्यावर गुडघाभर पाणी आणते आणि दुसरीकडे दुसरा मजला बुडवते.

या ज्ञानाचा पहिला मोठा धडा कोणी दिला असेल तर तो टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन शहराने. हे शहर एका बेटावर वसलेले, आणि त्या बेटाची सर्वांत उंच जागा समुद्रापासून जेमतेम २.७ मीटरवर होती. तिथले हवामान अधिकारी आयझॅक क्लाइन यांनी १८९१ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून, चक्रीवादळापासून शहराला गंभीर धोका असल्याची भीती निराधार ठरवली होती. ८ सप्टेंबर १९०० रोजी साडेचार मीटरहून उंच उधाण आले. मृतांची संख्या आठ हजारांच्या घरात धरली जाते. क्लाइन यांचे घर वादळासाठी मुद्दाम मजबूत बांधलेले होते, त्यामुळे सुमारे पन्नास माणसांनी तिथे आसरा घेतला होता. ते वाऱ्याला पुरून उरलेही. पण ट्रामचे उखडलेले रूळ पाण्यासोबत येऊन भिंतींवर आदळत राहिले आणि घर कोसळले. आसऱ्याला आलेल्यांपैकी बहुतेक जण गेले. त्यांत क्लाइन यांच्या पत्नीही होत्या. पुढे शहराने पाच मीटरहून उंच भिंत बांधली आणि दोन हजारांहून अधिक इमारती जॅकवर उचलून त्यांच्याखाली वाळूची भर घातली. अख्खे शहर वर उचलण्याचा हा उद्योग आजही थक्क करतो.

आपल्याकडे याहून आधीची एक इशाऱ्याची कथा आहे. कलकत्त्याचे हेन्री पिडिंग्टन यांनी १८५३ मध्ये गव्हर्नर जनरलना उद्देशून लिहिले होते की, मातला नदीवर उभारले जाणारे नवे बंदर वादळी लाटेच्या तडाख्यात सापडेल. बंदर बांधले गेले, त्याला पोर्ट कॅनिंग असे नाव मिळाले, आणि १८६७ च्या वादळात ते उद्ध्वस्त झाले.

विसाव्या शतकात या अभ्यासाचे दोन प्रवाह पडले आणि बराच काळ त्यांचे एकमेकांशी फारसे बोलणे नव्हते. वाऱ्याच्या बाजूला कॅनडात ॲलन डेव्हनपोर्ट यांनी १९६५ मध्ये जमिनीलगतच्या खळाळत्या वाऱ्याचे अनुकरण करणारा वातबोगदा उभा केला. टेक्सास टेक विद्यापीठात १९७० च्या लबक टॉर्नेडोनंतर, मूळचे भारतीय असलेले किशोर मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पडलेल्या इमारतींचे बारकाईने वाचन सुरू केले. २४ ऑगस्ट १९९२ रोजी ‘अँड्र्यू’ या हरिकेनने मायामीच्या दक्षिणेला २५ हजारांहून अधिक घरे जमीनदोस्त केली, अनेक विमा कंपन्या बुडवल्या, आणि कागदावर कडक असलेला बांधकामाचा नियम प्रत्यक्षात किती ढिला होता ते उघडे पाडले. त्यानंतर तिथल्या खिडक्यांना एक अजब परीक्षा द्यावी लागू लागली: चार किलोंची लाकडी फळी सेकंदाला १५ मीटर वेगाने आदळली तरी आवरण फाटता कामा नये. २००२ मध्ये फ्लोरिडाभर एकच संहिता लागू झाली, आणि दोनच वर्षांनी चार्लीत नव्या नियमांची घरे जुन्यांपेक्षा स्पष्टपणे चांगली टिकली. साउथ कॅरोलायनात २०१० पासून विमा उद्योगाच्या प्रयोगशाळेत १०५ पंखे लावून पूर्ण आकाराची घरे वादळात उभी केली जातात. या साऱ्यातून निघालेला निष्कर्ष मोठा व्यवहारी आहे. वासा भिंतीला, भिंत तुळईला आणि तुळई पायाला धातूच्या पट्टीने सलग जखडली, तर घराच्या एकूण खर्चाच्या लहानशा हिश्शात छप्पर वाचते.

पाण्याच्या बाजूचे लोक मुख्यतः समुद्रशास्त्रज्ञ आणि गणिती. चेस्टर जेलेस्नियान्स्की यांनी अमेरिकी हवामान सेवेसाठी घडवलेले ‘स्लॉश’ हे प्रारूप गावागणिक किती पाणी येईल ते सांगू लागले. भारतात दिल्लीच्या आयआयटीने बंगालच्या उपसागरासाठी अशीच प्रारूपे तयार केली आणि हवामान खाते त्यांचा आधार घेत आले आहे. बांधकामाच्या पातळीवर मात्र पाण्याला उत्तर एकच निघाले: उंची. जिथे ९० सेंटिमीटर किंवा त्याहून उंच लाट पोहोचू शकते, त्या पट्ट्यात अमेरिकेत घर खांबांवर उभे करावे लागते. खालच्या मोकळ्या जागेला आडोसा घालायचाच असेल तर तो पाण्याच्या पहिल्या धक्क्याला आपसूक सुटून जाणारा हवा. भिंत तुटावी म्हणून बांधायची, ही कल्पना गवंड्याच्या सगळ्या शिकवणुकीविरुद्ध आहे. पण ती तुटली नाही तर पाण्याचा सगळा भार खांबांवर येतो आणि घरच जाते.

दोन्ही प्रवाह एकत्र आणण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न म्हणजे सॅफिर–सिम्पसन श्रेणी. हर्बर्ट सॅफिर अभियंता, रॉबर्ट सिम्पसन हवामानतज्ज्ञ. १९६९ मध्ये ‘कमिल’ने मिसिसिपी किनाऱ्यावर सात मीटरहून उंच उधाण आणले होते, त्याची आठवण ताजी असतानाच ही पाच पायऱ्यांची मोजपट्टी रूढ झाली, आणि प्रत्येक पायरीला वाऱ्यासोबत उधाणाची उंचीही जोडली गेली. निसर्गाने ही सांगड मानली नाही. २००५ मध्ये ‘कतरिना’ किनाऱ्याला लागली तेव्हा तिसऱ्या श्रेणीत होती, तरी मिसिसिपीत पाणी साडेआठ मीटरच्या घरात चढले. २००८ मध्ये ‘आइक’ अवघ्या दुसऱ्या श्रेणीत होते आणि त्याने टेक्सासच्या बोलिव्हर द्वीपकल्पावरचे गिलख्रिस्ट गाव जवळजवळ पुसून टाकले. अखेर २०१० मध्ये उधाणाचे आकडे श्रेणीतून काढून टाकण्यात आले. निर्णय शास्त्राच्या दृष्टीने योग्यच होता. त्याची एक किंमत मात्र मोजावी लागली: लोकांच्या तोंडी राहिलेली श्रेणी आता निव्वळ वाऱ्याची आहे, आणि ती ऐकणाऱ्याला हे ठाऊक असतेच असे नाही. उधाणाचा वेगळा अधिकृत इशारा अमेरिकेत २०१७ मध्ये सुरू झाला.

वारा आणि पाणी यांतला फरक सर्वांत कडवटपणे कुठे लढला गेला असेल तर तो कोर्टात. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या विम्यात वाऱ्याचे नुकसान धरतात, पुराचे धरत नाहीत. पुरासाठी १९६८ पासून सरकारी योजना आहे आणि तिची घरासाठीची मर्यादा अडीच लाख डॉलर. कतरिनानंतर मिसिसिपीच्या किनाऱ्यावर हजारो कुटुंबे नुसत्या काँक्रीटच्या फरशीपुढे उभी होती. घर नेले कोणी? आधी वाऱ्याने छप्पर उडवले आणि मग पाणी आले, की पाण्याने सारेच एकदम नेले? पुरावा समुद्रात वाहून गेला होता. काही पॉलिशींत तर असे कलम होते की, नुकसानीत पुराचा हात असेल तर वाऱ्याच्या वाट्याचेही पैसे मिळणार नाहीत. सिनेटर ट्रेंट लॉट यांचे घरही गेले होते, आणि त्यांनाही विमा कंपनीविरुद्ध कोर्टात जावे लागले. २००९ मध्ये मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला की, पाणी येण्याआधी वाऱ्याने जे मोडले त्याची भरपाई नंतर आलेल्या पाण्यामुळे बुडत नाही. मग प्रश्न उरला तो वेळेचा, म्हणजे वारा किती वाजता किती होता आणि पाणी किती वाजता पोहोचले याचा. २०१२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने फरशी उरलेल्या अशा घरांसाठी हा हिशेब शास्त्रीय नोंदींवरून मांडण्याचा कायदाच केला. हवामानशास्त्राला एखाद्या कुटुंबाच्या घराचा पंच व्हावे लागले, आणि हा भाग वाचताना वाचकाला राग आला तर तो रास्त आहे.

भारतात चित्र निराळे आहे. १ एप्रिल २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत वादळ आणि पूर दोन्ही एकत्र धरलेले आहेत. हा मोठाच दिलासा आहे. अडचण एवढीच की आपल्याकडे घराचा विमा उतरवणारेच मूठभर. उलट ह्यूस्टन किंवा टॅम्पात घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाने दोन वेगळे कागद हातात आहेत ना, हे पाहून घ्यायलाच हवे.

मग दोहोंत अधिक धोकादायक कोण? पुस्तक या प्रश्नाला बगल देत नाही, पण त्याचे दोन तुकडे करते. जिवाला धोका पाण्याचा. एडवर्ड रॅपापोर्ट यांनी १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांतले अमेरिकेतले मृत्यू तपासले: जवळजवळ निम्मे उधाणाने, सुमारे पाव हिस्सा पावसाच्या पुराने, आणि वाऱ्याने दहा टक्क्यांहून कमी. बंगालच्या उपसागरात हे प्रमाण याहून भीषण आहे. नोव्हेंबर १९७० च्या भोला वादळात तीन लाखांहून अधिक माणसे मेली आणि १९९१ च्या चितगाव वादळात सुमारे १ लाख ४० हजार. दोन्हीकडे मारेकरी मुख्यतः समुद्र होता. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार गेले. २०१३ मध्ये ‘फायलिन’च्या आधी ओडिशाने दहा लाखांच्या आसपास लोक हलवले आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. घरे तेव्हाही लाखांनी मोडली. घर वाचले नाही, माणूस वाचला. कारण माणूस त्या घरात नव्हता.

घरांची संख्या मोजली तर पारडे वाऱ्याकडे झुकते. उधाण किनाऱ्याच्या पट्ट्यापुरते असते आणि जमीन उंचावली की थांबते. वारा शेकडो किलोमीटर आत जातो. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्याला आयुष्यात बहुधा वाराच भेटणार. म्हणूनच फ्लोरिडातले आपत्ती अधिकारी सांगतात की पाण्यापासून पळा आणि वाऱ्यापासून लपा. मजबूत घर वाऱ्यात आसरा असते. तेच घर सखल जागी असेल तर उधाणात सापळा होते.

उपायांतली ओढाताण हा या विषयाचा सर्वांत अवघड भाग, आणि पुस्तक त्यावर मन लावून थांबते. पाण्यासाठी घर वर उचलले की त्याला जास्त वारा लागतो, कारण जमिनीपासून वर जाऊ तसा वेग वाढतो. वाऱ्यासाठी भिंती जड आणि सलग केल्या तर त्या पाण्याचा भार पूर्ण अंगावर घेतात. १० ऑक्टोबर २०१८ रोजी ‘मायकेल’ पाचव्या श्रेणीत फ्लोरिडातल्या मेक्सिको बीचवर आले, तेव्हा किनाऱ्यालगत एक घर जवळपास अभंग राहिले आणि त्याचे छायाचित्र जगभर गेले. ते खोलवर रोवलेल्या खांबांवर उचललेले होते, भिंती काँक्रीटच्या होत्या आणि खालचा आडोसा सुटून जाणारा होता. दोन्ही शत्रूंचा विचार एकत्र केला तर घर टिकते, हे त्याने दाखवले. पण तो खर्च मच्छीमाराच्या किंवा छोट्या बागायतदाराच्या आवाक्यातला नाही, हेही तितकेच खरे आहे.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागले, तेव्हा हा सगळा विषय कोकणाच्या दारात आला. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर, म्हणजे अमेरिकी श्रेणीत जेमतेम पहिली पायरी. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, मंडणगड, दापोली इथे नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, गावोगाव छपरे गेली आणि कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात राहिल्या. चिऱ्याच्या भिंती बहुतेक उभ्या होत्या. यामागे साधा हिशेब आहे. रिपांसकट मंगलोरी कौलांचे वजन चौरस मीटरला साधारण ६५ किलो धरतात, आणि ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब त्याच्याच घरात जातो. कौलारू छप्पर अशा वाऱ्यात काठावर असते. माकडांच्या त्रासाने कौले उतरवून घातलेल्या पत्र्याचे वजन दहा किलोही नसते; तो टिकतो केवळ बोल्टच्या जोरावर, आणि बोल्ट कुठे किती अंतरावर मारले हे सहसा कोणी विचारत नाही.

‘निसर्ग’ने कोकणाला मुख्यतः वारा दाखवला, म्हणून पाण्याचा धोका इथे नाही असे मानणे घातक ठरेल. १८८२ मध्ये मुंबईत लाखभर माणसे बुडाल्याची गोष्ट अनेक याद्यांत फिरते. समकालीन नोंदींत तिला आधार सापडत नाही, आणि ती सोडून द्यावी हेच बरे. पण खाडीकाठच्या वस्त्या, किनाऱ्याच्या वाळूमागच्या सखल वाड्या, खारबांधांच्या भरवशावरची शेते आणि भराव घालून वाढलेली मुंबई यांचा सखलपणाच धोका दाखवायला पुरेसा आहे; त्यासाठी खोट्या गोष्टीची गरज नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील (आयआयटीएम) मेधा देशपांडे, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवले की, २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. १९०१ पासून जगातला समुद्र सरासरी २० सेंटिमीटर चढला आहे, आणि पुढचे प्रत्येक उधाण त्या वाढीव पातळीवरून सुरू होणार आहे.

या पुस्तकाने आपली कक्षा मुद्दाम मर्यादित ठेवली आहे. डोंगरातून येणारा पावसाचा पूर आणि दरडी हे चक्रीवादळाचेच भाऊबंद असले तरी त्यांना इथे ओझरता उल्लेखच मिळतो. वाचक म्हणून लेखकाच्या नजरेसमोर घरमालक आहे, गावचा गवंडी आणि सुतार आहे, घरकुलांचे नकाशे मंजूर करणारा कनिष्ठ अभियंता आहे आणि ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. प्रत्येक घर दोनदा वाचावे, एकदा छपरापासून खाली आणि एकदा जोत्यापासून वर, अशी मांडणीची पद्धत आहे. म्हणून तीच वादळे वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा भेटतील. आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगावी. अमेरिकेत वाऱ्याचा वेग एका मिनिटाच्या सरासरीने सांगतात, तर भारतीय हवामान खाते तीन मिनिटांची सरासरी घेते, त्यामुळे त्याच वादळाचा आपल्याकडचा आकडा थोडा कमी दिसतो. पाण्याची उंचीही कुठे समुद्रसपाटीपासून दिलेली असते, तर कुठे जमिनीपासून. आपल्या घराशी ताडून पाहायची असेल तर जमिनीपासूनची घ्यावी, आणि त्याआधी आपल्या जोत्याची समुद्रसपाटीपासूनची उंची किती आहे, हे मोजून घ्यावे.